विमाने जमिनीवर, कायदा कपाटात

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशाच्या विमानतळांवर जे घडले, ते नैसर्गिक संकट नव्हते. वादळ नव्हते, युद्ध नव्हते, संपही नव्हता. तरीही ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगो कंपनीची २,५०७ उड्डाणे रद्द झाली आणि १,८५२ उड्डाणे उशिरा सुटली. तीन लाखांवर प्रवासी अडकून पडले. हे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे सरकारचेच आहेत. माणसे लादीवर झोपली, सामानाचे ढीग पडून राहिले, काऊंटरवर उत्तर द्यायला कुणी नव्हते. हुबळीच्या एका नवविवाहित जोडप्याला स्वतःच्या स्वागत समारंभाला व्हिडिओवरून हजेरी लावावी लागली. दुसऱ्या कंपन्यांच्या तिकिटांचे दर इतके भडकले की ६ डिसेंबरला सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली.

काही वाचक विचारतील, विमानाच्या प्रवाशांची चिंता आपण कशाला करायची? त्याच आठवड्यात लाखो अनुयायी रेल्वेने, एसटीने दादरला येत होते आणि शिवाजी पार्कवर रात्र काढत होते. त्यांच्या हालांवर वाहिन्यांनी कधी दिवसभर चर्चा केली? प्रश्न रास्त आहे. पण आज आपल्या वस्तीतली मुलगी बंगळूरला नोकरी करते, मुलगा आखातात जातो, कुणी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला निघतो. घरातले पहिले विमानाचे तिकीट पुष्कळदा उसनवारीच्या पैशातून निघते. असे उड्डाण रद्द झाले की श्रीमंत प्रवासी दुसरे तिकीट काढतो, आपला माणूस तिथेच बसून राहतो. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

आधी कारण समजून घेऊ. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबले. वैमानिकांच्या संघटना न्यायालयात होत्या आणि अखेर दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते दोन टप्प्यांत लागू झाले. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या वेळी करावयाच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. झोपेने डोळे जड झालेल्या माणसाच्या हाती दीडशे-दोनशे जीव देऊ नयेत, एवढाच त्यामागचा अर्थ.

तारीख सर्वांना ठाऊक होती. तयारीला पुष्कळ महिने मिळाले होते. देशांतर्गत बाजारपेठेचा सुमारे ६५ टक्के हिस्सा हाती असलेल्या कंपनीने त्या हिशेबाने वैमानिकांची तजवीज का केली नाही? चौकशी समितीचा निष्कर्ष असा की, विमाने व माणसे कमाल क्षमतेने राबवण्याचा अतिरेक झाला, नव्या नियमांची पूर्वतयारी अपुरी होती आणि व्यवस्थापनात उणिवा होत्या. सरळ मराठीत सांगायचे तर नफ्यासाठी माणसे इतकी ताणली की थोडी विश्रांती देताच सारा डोलारा कोसळला.

आणि सरकारने काय केले? ५ डिसेंबरला विश्रांतीच्या नियमातील एक महत्त्वाची तरतूद मागे घेतली आणि या कंपनीला रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. चूक व्यवस्थापनाची, आणि किंमत कुणी मोजायची? वैमानिकाने झोप देऊन आणि प्रवाशाने सुरक्षितता देऊन. दिल्ली उच्च न्यायालयाने १० डिसेंबरला केंद्राला, परिस्थिती इथवर येऊच कशी दिली, असा जाब विचारला, तो योग्यच होता.

इथे चळवळीच्या वाचकाने सावध राहिले पाहिजे. त्या दिवसांत 'वैमानिकांच्या विश्रांतीमुळे प्रवाशांचे हाल' असा सूर लावला गेला. हा सूर आपल्या ओळखीचा आहे. कामगाराला हक्क मिळाला की सामान्य माणसाला त्रास होतो, हे प्रत्येक मालक सांगत आला आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती आणून कामाचा आठवडा ४८ तासांवर आणला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, ही आपली भूमिका तेव्हापासूनची आहे. थकलेला वैमानिक आणि अडकलेला प्रवासी एकमेकांचे शत्रू नाहीत. दोघांचेही देणे एकाच ठिकाणी थकले आहे.

आता अडकलेल्या प्रवाशाच्या हक्काकडे वळू. महासंचालनालयाचे याविषयीचे नियम २०१० पासून आहेत, पण किती प्रवाशांना ते ठाऊक आहेत? उड्डाण रद्द झाले तर पर्यायी उड्डाण की पूर्ण परतावा, हे प्रवाशाने ठरवायचे, कंपनीने नव्हे. किमान २४ तास आधी कळवले नसेल तर यावर भरपाईही द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. ताटकळणाऱ्या प्रवाशाला खाणेपिणे दिले पाहिजे. विलंब २४ तासांवर गेला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतले उड्डाण सहा तासांहून जास्त लांबले, तर हॉटेलची सोय केली पाहिजे. कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांसाठी भरपाईतून सूट आहे. परंतु महिनोन्‌महिने आधी ठाऊक असलेला नियम हे आवाक्याबाहेरचे कारण कसे ठरेल?

न्यायालयांचे निकालही वाटाड्यासारखे आहेत. धुक्यात अडकलेल्या विमानाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले की, धुक्यामुळे झालेल्या विलंबाचा दोष कंपनीचा नाही, पण ताटकळणाऱ्या प्रवाशाची किमान काळजी घेणे स्वस्त तिकिटाच्या कंपनीलाही चुकत नाही. दुसरा निकाल ६ सप्टेंबर २०२१ चा. अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. उशिराचे समाधानकारक कारण देता येत नसेल तर रेल्वेने भरपाई दिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे विमानाचा असो वा रेल्वेचा, प्रवासी हा भिक्षेकरी नाही.

वकिली अनुभवातून काही गोष्टी सांगतो. रागाच्या भरात मोबाईलवर परताव्याचे बटण दाबू नका. एकदा परतावा स्वीकारला की पर्यायी उड्डाणाचा दावा सहसा संपतो. जायचेच असेल तर आधी पर्यायी उड्डाण मागा. उड्डाण रद्द होण्याचे कारण लेखी मागा. कंपनीचे संदेश, बोर्डिंग पास, जेवणाच्या, हॉटेलच्या, टॅक्सीच्या पावत्या जपून ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यासाठी दिल्ली-गुरुग्रामला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, तसेच स्त्रियांना, उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हा हक्क आपल्या किती घरांना माहीत आहे?

त्या संकटानंतर कंपनीने परतावे दिले, नियमाप्रमाणे भरपाई देण्याचे जाहीर केले आणि 'गंभीर त्रास' झालेल्यांना १०,००० रुपयांची प्रवास कूपनेही देऊ केली. पण त्रास गंभीर की किरकोळ, हे ठरवणार कोण? आणि कूपन म्हणजे पुन्हा त्याच कंपनीच्या विमानात बसण्याची सक्ती. जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने २२.२० कोटी रुपये दंड केला. तीन लाख प्रवाशांत वाटला तर माणशी साडेसातशे रुपयेही होत नाहीत, आणि अडकलेल्या माणसाच्या हाती तर त्यातला एक पैसाही पडत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. भरपाई अर्जाविना, आपोआप प्रवाशाच्या खात्यात जमा झाली पाहिजे. प्रवाशांचे हक्क प्रत्येक विमानतळावर मराठीसह स्थानिक भाषांत ठळक लावले पाहिजेत. आणि विश्रांतीच्या नियमातून कोणत्याही कंपनीला पुन्हा सूट मिळता कामा नये. तोवर आपल्यापैकी जो कुणी अडकेल, त्याने गप्प घरी न परतता तक्रार लिहून काढावी. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांची तक्रार लिहून द्यावी. कायदा कपाटात पडून आहे, तो बाहेर काढण्याचे काम आपलेच आहे.