टिकाऊपणा बोलून नाही, मोजून ठरतो

पेण किंवा रोह्यातल्या एखाद्या जुन्या गॅरेजवाल्या काकांना ‘पॉइंट’ म्हणजे काय, ते विचारा. पद्मिनी, ॲम्बेसेडर अशा पेट्रोल गाड्यांत ठिणगी पडायची ती या दोन छोट्या धातूच्या टिकल्यांमुळे. चार्ल्स केटरिंग यांची ही पद्धत १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आली. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरून हजारो व्होल्ट तयार होतात. पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच!

आता गणित करा. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ठिणग्या ६०००. म्हणजे तासाला ३,६०,०००! पॉइंट तेवढ्याच वेळा उघडतात. दर वेळी थोडा धातू जळतो, एका टिकलीवर खड्डा पडतो, दुसरीवर उंचवटा येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट बदलली की गाडी अडखळते. म्हणून टंगस्टन वापरला, कंडेन्सर जोडला.

पण हे पॉइंट किती टिकतील, हे कसं ठरवायचं? गाडी एकदा चालू झाली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मोटरवर ते तासन्‌तास फिरवायचे, ठरावीक वेळाने थांबून फट मोजायची, नोंद ठेवायची. याला चाचणी म्हणतात.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या शाळांत नेमकं हेच शिकवलं जात नाही. दिवा एकदा लागला की प्रयोग संपला! उद्या आपलीच मुलं रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत कामाला लागतील. तिथल्या मोटारी चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरचे संपर्कही असेच झिजतात. ते चिकटून बसले, तर बटण दाबूनही मोटार थांबत नाही. रसायनांच्या कारखान्यात ही छोटी गोष्ट नाही.

“अभ्यासक्रमच पुरा होत नाही, वेळ कुठून आणायचा?” असं काही शिक्षक म्हणतील. पण यासाठी गाडी नको, मोठा खर्चही नको. आठवीतली विद्युत घंटा पुरे. तिचा संपर्कही सतत जुळतो नि तुटतो. सारख्या दोन घंटा घ्या, एकीच्या संपर्काला कंडेन्सर जोडा, दुसरीला नको. बाकी सगळं सारखं ठेवा. रोज अर्धा तास वाजवा आणि आठवड्याला भिंगातून संपर्क तपासा. हाच प्रयोग उन्हाळ्यात आणि कोकणातल्या दमट पावसाळ्यात करून पाहा.

उत्तर काहीही येवो, ते मुलांनी स्वतः मोजलेलं असेल. ‘चालतंय ना, मग झालं!’ ही सवय मोडायची, तर सुरुवात शाळेतच व्हायला हवी.