पद्धत दाखवा, पोरांचे चेहरे नकोत

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची त्यांची कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांतून राज्यभर पोहोचली. एका वर्गात सुचलेली युक्ती दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकाच्या हाती पडावी, यासाठी आज व्हॉट्सॲप आणि यूट्यूबइतके स्वस्त साधन नाही. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या गुरुजींना हातच्याची वजाबाकी कशी समजवावी, हे विचारायला शेजारच्या वर्गातही फारसे कुणी नसते. त्यामुळे शिक्षकांनी समाजमाध्यमांवर जरूर असावे, आपल्या कामाविषयी मोकळेपणाने लिहावे. मात्र त्यांनी शिकवण्याची पद्धत दाखवावी, मुलांना दाखवू नये. पद्धत शिक्षकाची असते, मुलाचा चेहरा शिक्षकाच्या मालकीचा नसतो.

प्रत्यक्षात दिसते ते नेमके उलटे. दुसरीतले एखादे पोर फळ्यासमोर उभे राहून जोडाक्षरावर अडखळते, मागून वर्ग हसतो, वर गाणे चिकटवले जाते आणि ते रील गावाबाहेर कुठच्या कुठे जाते. देणगीदाराचे नाव छापलेले दप्तर छातीशी धरून रांगेत उभ्या केलेल्या मुलांचे फोटो तर रोजचेच. गणवेशावर शाळेचे नाव, मागे गावाची पाटी. मुलगी कोण, कुठली, तिच्या घरची परिस्थिती काय, हे अनोळखी माणसाला एका नजरेत कळते. ती दहावीला जाईल तेव्हाही तो फोटो कुठेतरी असणारच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आहे. प्रत्येक रीलला हा कायदा लागू होतो का, यावर वकील वाद घालतील. शिक्षकाने त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दोष एकट्या शिक्षकांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. फोटोची ही सवय शिक्षण खात्यानेच लावली. 2016 च्या अखेरीस मुलांच्या गटांसोबत सेल्फी काढून ‘सरल’ या शासकीय संगणकप्रणालीवर चढवण्याचा फतवा निघाला होता, शिक्षकांच्या विरोधाने तो बारगळला, पण उपक्रम झाला की फोटो हवाच, ही वृत्ती टिकून राहिली. जुलै 2025 मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांविषयीचा शासन निर्णय आला. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर टीका करू नका, असा त्याचा रोख आहे. शासनाच्या प्रतिमेची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी वर्गातल्या मुलांच्या प्रतिमेचाही विचार करायला हवा होता. शिवाय शाळेतील उणिवांवर शिक्षकच बोलणार नाहीत, तर कोण बोलणार?

यावर शिक्षकांचे म्हणणे असते की पटसंख्या घसरतेय, इंग्रजी माध्यमाच्या शाळा गावात गाडी पाठवतात, अशा वेळी आमची शाळा लोकांना दिसली नाही तर ती बंद पडेल. लोकवर्गणीही फोटो पाहूनच येते. ही अडचण खरी आहे आणि तिला हलके लेखता येणार नाही. पण पालकाला शाळेकडे ओढायला मुलांनी लिहिलेल्या वहीचे नाव झाकलेले पान, बोलक्या भिंती, टाकाऊ पुठ्ठ्यातून केलेले शैक्षणिक साहित्य, शिक्षकाने स्वतः कॅमेऱ्यासमोर समजावलेला अपूर्णांक पुरेसा असतो. पालक हरकत घेत नाहीत, हा दुसरा युक्तिवाद मुळीच टिकत नाही. मोलमजुरी करणारी आई मुलाच्या सरांना ‘नाही’ म्हणणार कशी? तिच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येत नाही. तेव्हा सुरुवात खात्यानेच करावी: केंद्रप्रमुखांनी अहवालासोबत मुलांचे फोटो मागणे थांबवावे, आणि दप्तरवाटपाच्या फोटोत फक्त दप्तरे असावीत, हे देणगीदारांना सांगण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर न टाकता गटशिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः घ्यावी.