हालचालींच्या विकारांचा विभाग

यंदाचा अंक आम्ही कंपवात आणि हालचालींचे इतर विकार यांना वाहिला आहे; कारण २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर, अशा व्याधींचा स्वतंत्र विभाग कसा उभा राहतो आणि त्याच्या प्रमुखाच्या अंगी कोणते गुण असावे लागतात, हा प्रश्न आमच्या वाचकांना परका राहिलेला नाही.

१९५७ मध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग सुरू करणारे डॉ. नोशीर वाडिया आम्हांला या संदर्भात आदर्श वाटतात. एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे पाहावयास सांगितले असता निरोगी माणसाची दृष्टी जेथे झेप घेते, तेथे तोल जाणाऱ्या काही रुग्णांचे बुबुळ अगदी सावकाश सरकते, हे त्यांनी व डॉ. स्वामी यांनी नऊ कुटुंबांत हेरून १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या वर्णनाशी जुळणाऱ्या व्याधीचे जनुक १९९६ साली सापडले. ओळीने रुग्ण तपासत असतानाही असे निरीक्षण दप्तरी रुजू करावयाचे व विद्यार्थ्यांच्या नजरेलाही तेच वळण लावावयाचे, हेच आमच्या मते विभागप्रमुखाचे खरे काम होय.

आपल्या जालना जिल्ह्यात मंठा-जाफराबादकडे मात्र कुणाची कागदावरील सही बारीक होत गेली, चालताना एक हात झुलेनासा झाला, तर घरची मंडळी कंपवाताची शंका न घेता ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसतात. आपल्या घरी असा अनुभव असल्यास, पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंतची हकिकत वाचकांनी आम्हांस सविस्तर लिहून पाठवावी, ही आग्रहाची विनंती.