भागाकारातील छेद

ऑक्टोबर २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रिसडिप्लाम या औषधाची जेनेरिक आवृत्ती रोखण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत मज्जारज्जूतील प्रेरक चेतापेशी झडत जातात आणि स्नायू दुबळे होतात. त्यावरील या औषधाची सुमारे ६ लाख रुपयांची बाटली नॅटको कंपनीने १५,९०० रुपयांना आणली. बातम्यांत किमतीची भरपूर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु शासकीय पैशाने एखादे औषध द्यावे की नाही, हे ठरवणाऱ्या भागाकारात किंमत हा केवळ अंश असतो. छेदात असते औषधामुळे आयुष्यात पडलेली भर. तिचे मोजमाप कोण करते?

केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखालील तंत्रज्ञान-मूल्यांकनात त्यासाठी ईक्यू-५डी ही प्रश्नावली वापरली जाते. हालचाल, स्वतःची निगा, नित्याची कामे, वेदना आणि चिंता-नैराश्य अशा पाच बाबी, प्रत्येकीच्या पाच पायऱ्या. म्हणजे एकूण ३,१२५ अवस्था. पूर्ण आरोग्याला १, मृत्यूला ०, आणि काही अवस्थांना चक्क ऋण मूल्य. ही भारतीय मूल्ये २०२२मध्ये प्रसिद्ध झाली, ती पाच राज्यांतील साडेतीन हजार सर्वसामान्य प्रौढांना विचारून. रुग्ण आपली अवस्था नोंदवतो. तिचे मोल मात्र ती बहुधा कधीही न अनुभवलेली माणसे कल्पनेने ठरवतात.

पैसा जनतेचा, तेव्हा मोलही जनतेनेच ठरवावे, हा युक्तिवाद अगदी पोकळ नाही. अडचण अशी की ही कल्पना बहुधा एकाच दिशेला चुकते. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर जगणाऱ्या डुशेन रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास १९९१मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य रुग्ण आयुष्याविषयी समाधानी होते. त्यांचे समाधान कमी लेखले होते ते आरोग्यसेवेतील व्यावसायिकांनी. प्रयोगशाळेतला विद्यार्थीही जाणतो की नमुना वाढवल्याने यादृच्छिक त्रुटी घटते, पद्धतशीर त्रुटी जशीच्या तशी राहते.

मग मोल रुग्णांनीच ठरवावे का? येथे पेच अधिक गुंतागुंतीचा होतो. माणूस आजाराशी जुळवून घेतो आणि आपल्या जगण्याला बरे गुण देतो; मग औषधाने वाढायला जागाच उरत नाही. त्याची चिवट उमेदच उपचार नाकारण्याचे कारण ठरू शकते. हा भागाकार निर्दय आहे.

याहून मूलभूत दोष विभेदनक्षमतेचा आहे. चालणे पूर्ण थांबलेल्या माणसाची हालचालीची पट्टी तळाला टेकलेली असते. त्यानंतर एका बोटाची ताकद टिकली, तर विजेवरच्या खुर्चीची कळ आणि मोबाईल त्याच्या ताब्यात राहतो. आयुष्यात हा फरक प्रचंड, पण वरील पाच प्रश्नांत त्याची नोंद उमटेलच असे नाही. थकवा, श्वास, गिळताना लागणारा ठसका यांना तेथे स्वतंत्र जागा नाही. स्नायूविकारांसाठी २००७मध्ये प्रसिद्ध झालेली आयएनक्यूओएल प्रश्नावली निदान दुर्बलता, थकवा आणि स्वावलंबन यांविषयी वेगळे विचारते.

दिल्लीला हे काम परके नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जीवनगुणवत्तेची प्रश्नावली घडवणाऱ्या पंधरा केंद्रांत नवी दिल्ली आणि मद्रास ही दोन होती. तिच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त रूपात घर, पैसा, प्रवास आणि सभोवतालची हवा यांचीही विचारपूस आहे. ज्याचे श्वसनस्नायू क्षीण झाले आहेत आणि ज्याला नोव्हेंबरात नोएडाहून एम्सला जायचे आहे, त्याला हवेचा प्रश्न अवांतर वाटणार नाही.

२०२१च्या दुर्मीळ आजार धोरणानुसार उत्कृष्टता केंद्रांत उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. दिल्लीत एम्स आणि मौलाना आझाद महाविद्यालय ही अशी केंद्रे आहेत. तेथे येणाऱ्या प्रत्येक स्नायूविकारग्रस्ताकडून त्याच्या भाषेत, दर सहा महिन्यांनी, आजारविशिष्ट प्रश्नावली भरून घ्यावी. घरच्या काळजीवाहकालाही वेगळे विचारावे. खर्च औषधाच्या तुलनेत नगण्य आहे. आणि निर्णय देताना जनतेने ठरवलेले मोल व रुग्णाने दिलेले गुण, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत, त्यांच्यातील तफावतीसह.