माफी तिकडे, ‘प्रश्नचिन्ह’ इकडे

मूळनिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडल्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ रोजी संसदेत जाहीर माफी मागितली. सुमारे दीड लाख मुले त्या शाळांतून गेली. मातृभाषा बोलल्याबद्दलही त्यांना शिक्षा होई. पुढे सत्य व सलोखा आयोगाने हजारोंच्या साक्षी नोंदवल्या आणि २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या.

वऱ्हाडातील वाचकाला हे दूरचे वाटेल. परंतु ज्या फासेपारध्यांचे बेडे अमरावती-अकोला जिल्ह्यांत विखुरलेले आहेत, तो समाजही अशाच कायद्याच्या छायेत जगला. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुधारशाळा काढून मुलांना पालकांपासून वेगळे करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला होता. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत हे त्याच धोरणाचे अपत्य. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण चोरी झाली की पोलीस आधी बेड्यावरच येतात, ही कार्यकर्त्यांची तक्रार थांबलेली नाही.

अशा समाजाने स्वतःच निवासी शाळा काढावी, याचे मोल म्हणूनच मोठे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे २०१२ मध्ये ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभी राहिली. त्यासाठी मतीन भोसले या पारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडली. भीक मागणारी, शाळेचे तोंड न पाहिलेली मुले त्यांनी गोळा केली. येथे शिकवणारा मुलाची बोली जाणतो आणि बेड्यावरच्या धाडीचा अर्थही. जखम भरण्याची सुरुवात समुपदेशकाच्या खोलीपेक्षा अशा वर्गातच होण्याची शक्यता अधिक. मात्र जून २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी याच शाळेचे ग्रंथालय आणि काही खोल्या पाडण्यात आल्या.

मेळघाटातील शासकीय आश्रमशाळांना कॅनडाच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे ठरेल. तेथे कोरकू पालक मुलांना स्वखुशीने पाठवतात. तरीही घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी मराठी पुस्तक हाती मिळते, तेव्हा त्याच्या गप्प बसण्याला ‘मंदपणा’ म्हणण्याची घाई होऊ नये.

माफीची मागणी आपल्याकडे कधी जोर धरेल, तेव्हा धरेल. साक्षी नोंदवण्याचे काम मात्र थांबू शकत नाही. कायदा रद्द झाला तेव्हा सहा-सात वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे.