सौरपंप आणि विहिरीचा ठाव

मुठेच्या डाव्या तीरावरील वारजे हे गाव १९९७ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत आले आणि त्यानंतरच्या पाव शतकात तेथील बहुतेक शेतजमीन गृहसंकुलांखाली गेली, हे पुणेकर वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु या संकुलांतून राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची एक-दोन एकरांची वहिवाट खडकवासल्याच्या वरच्या अंगास, मुळशीकडे किंवा जुन्या वेल्हे आणि आताच्या राजगड तालुक्यात अद्याप शिल्लक आहे, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अशा कुटुंबाच्या संसारात सौरऊर्जा हल्ली दोन निरनिराळ्या वाटांनी शिरते. वारज्याच्या गच्चीवर बसविलेले पॅनेल महावितरणच्या तारेशी जोडलेले असते. दिवसाची शिलकी वीज तारेत जाते, रात्री तारेतूनच वीज येते आणि महिन्याच्या अखेरीस देण्याघेण्याची वजावट होते. शेतावरच्या पॅनेलला ही सोय नसते. तेथे तार पोहोचलेली नसते किंवा पोहोचून न पोहोचल्यासारखी असते, आणि म्हणून सूर्य मावळला की सारा कारभार थांबतो. पहिल्या प्रकारात हिशेब चुकला तर बिलात थोडा फरक पडतो. दुसऱ्यात चुकला तर पीक वाळते. असे असूनही गच्चीवरील पॅनेलसाठी दहा ठिकाणी चौकशी करणारा गृहस्थ शेतावरच्या सौरपंपाच्या बाबतीत केवळ अनुदानाचा आकडा पाहून अर्ज भरून मोकळा होतो.

मुळशीच्या खोऱ्याचा विजेशी संबंध आला तोच मुळी विपरीत रीतीने. टाटांच्या धरणात आपल्या जमिनी जाणार म्हणून १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला, सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास पत्करला, तथापि धरण झालेच; मुळा आणि निळा या नद्यांचे अडविलेले पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला उतरू लागले, १९२७ पासून त्याची वीज मुंबईकडे गेली, आणि ज्यांची भातखाचरे बुडाली त्यांच्या वाड्यावस्त्यांवर पुढे कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमण्याच मिणमिणत राहिल्या. वीज जेथे उत्पन्न होते तेथेच ती वापरली जावी, ही कल्पना त्या डोंगरात आज पॅनेलच्या रूपाने प्रथमच उतरत आहे. तिचे मोल केवळ पैशांत करणे म्हणूनच अपुरे ठरते.

तारेच्या विजेची शेतावरील हकीकत सर्वश्रुत आहे. कृषिवाहिनीवर तीन फेजचा पुरवठा पाळीने होतो, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी घेऊन दारे धरावयास जावे लागते, आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत उसाच्या सरीतून बिबट्या केव्हा समोर येईल याचा नेम नसतो. त्यातच एखादी फेज गेली तर मोटार जळते, भार वाढला तर डीपी जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत वायरमनपासून शाखा अभियंत्यापर्यंत सर्वांची मनधरणी करणे हे शेतकऱ्याचे वेगळेच काम होऊन बसते. २०२४ साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज पाच वर्षांपुरती मोफत केली. तेव्हा आता सौरपंप कशाला, असा प्रश्न शहरातील मंडळी विचारतात. दर शून्यावर आला म्हणून पाळीची वेळ बदलत नाही, एवढेच त्यावर उत्तर आहे. सौरपंप दिवसा चालतो आणि ज्या महिन्यांत पाण्याची निकड सर्वांत अधिक, त्या फाल्गुन ते वैशाखात उत्तम चालतो. पावसाळ्यात आभाळ भरून आल्याने तो मंदावतो तेव्हा त्याची गरजही ओसरलेली असते.

या कारणास्तव केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या पीएम-कुसुम योजनेचे आणि तिच्या आधारे राज्याने २०२४ साली सुरू केलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचे स्वागतच केले पाहिजे. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरावेत, बाकीचा भार सरकारने उचलावा, पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमाही असावा, ही शर्त कोणत्याही काळातील तगाईपेक्षा उदार आहे. सातबाऱ्यावर हिस्सेदार अनेक असतील तर मुद्रांकावर त्यांची संमती आणा, क्षेत्र पाण्याच्या दृष्टीने धोक्याचे असेल तर भूजल विभागाचा ना हरकत दाखला आणा, हे सोपस्कारही रास्त मानता येतील. आमचा आक्षेप आहे तो पंपाची शक्ती ठरविण्याच्या रीतीवर.

अडीच एकरांपर्यंत जमीन असणाऱ्यास तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून अधिक असल्यास साडेसात, असा योजनेचा नियम आहे. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो, मोठा मागता येत नाही. दप्तराच्या दृष्टीने हा नियम सोयीचा आहे, कारण सातबारा हाती असला की कारकुनास पुढे काही विचारावयास नको. परंतु पंप जमिनीतून पाणी काढत नसून विहिरीतून काढतो, आणि पंपाला किती श्रम पडतील हे पाणी किती खोल आहे यावर ठरते. केंद्राच्या मानकांप्रमाणे तीन अश्वशक्तीच्या पंपास तीन हजार वॅटची पॅनेले लागतात. असा पंप स्वच्छ उन्हाच्या पूर्ण दिवसात एकूण ३० मीटर उचल असेल तर सुमारे एक लाख लिटर पाणी देतो, हीच उचल ७० मीटर झाली की पाणी सुमारे चाळीस हजार लिटरांवर येते आणि १०० मीटरवर तीस हजारांच्याही खाली. उलट बाजूने पाहिले तर एक एकर क्षेत्रावर रोज पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले की वीस हजार लिटर लागतात. म्हणजे मुठेच्या काठची उथळ विहीर असणाऱ्या अडीच एकरांच्या धन्यास तोच पंप मुबलक पाणी देऊन वर उरेल, आणि माळावर खोल बोअर असणाऱ्या त्याच क्षेत्राच्या धन्यास रोजच्या गरजेच्या पन्नास हजार लिटरांपैकी चाळीस हजारही मोठ्या मुश्किलीने मिळतील. नियमाच्या दृष्टीने दोघे समान. पिकाच्या दृष्टीने एक तरला आणि दुसरा फसला. ‘सौरपंपाला जोर नाही’ अशी जी तक्रार गावोगाव ऐकू येते, तिच्या मुळाशी यंत्राचा दोष थोडा आणि मापाचा दोष फार असतो, असे आमचे मत आहे.

मापाइतकीच जागेची निवड महत्त्वाची. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच उताराने बसवितात. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मध्यान्ही किंचित उत्तरेकडे झुकतो, परंतु त्या दिवसांत निम्मा काळ ढगांचाच असल्याने त्याची चिंता करू नये. चिंता करावी ती सावलीची. खडकवासल्यापलीकडच्या एका शेतावर ऐन चैत्रात पाहिलेली गोष्ट आहे: दुपारचे चार वाजले होते, ऊन लख्ख होते आणि तरीही पाइपाच्या तोंडाशी मनगटाएवढी असलेली धार बोटाएवढी झाली. कंट्रोलरच्या पेटीवरील आकडा हळूहळू उतरत होता. पाहतो तो पश्चिमेकडच्या जांभळीच्या एका फांदीची सावली कडेच्या दोन पॅनेलांवर आडवी आलेली. बाकीची पॅनेले उन्हात न्हात होती. माळेत ओवलेल्या या पॅनेलांतून एकच प्रवाह वाहावयाचा असल्याने दोघांचे अंग सावलीत गेले की त्याची झळ साऱ्या माळेला लागते. ती फांदी छाटायला कोयता आणि अर्धा तास पुरला. पण पॅनेलांचा सांगाडा सिमेंटमध्ये रोवण्यापूर्वी कोणी सकाळ-दुपार-संध्याकाळ त्या जागी उभे राहून सावल्या पाहिल्या असत्या, तर जांभळीच्या अंगाला हातही लावावा लागला नसता. ऊन आणि उष्मा यांतही आपले लोक गल्लत करतात. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. एप्रिलात ते तापून साठ अंशांवर गेले की त्याचे उत्पादन दहा-पंधरा टक्क्यांनी घटते, आणि वर धूळ व पाखरांची शीट साचली की आणखी घटते. सकाळी थंड असतानाच ते साध्या पाण्याने धुवावे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

आता बॅटरीविषयी. तारेशिवाय वीज म्हटली की प्रत्येकाच्या मनात प्रथम बॅटरी येते आणि विकणाराही तीच पुढे करतो. पंपाच्या कामी बॅटरीस जागा नाही. दिवसा उपसलेले पाणी उंचवट्यावरच्या टाकीत किंवा अस्तर घातलेल्या शेततळ्यात साठवावे आणि ठिबकला हवे तेव्हा उताराने सोडावे. टाकी वीस वर्षे टिकते, बॅटरी पाच-सात वर्षांत भंगारात जाते. वस्तीवरच्या दिव्यांसाठी मात्र तिच्यावाचून गत्यंतर नाही. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, तीस वॅटचा पंखा रात्रभर, शिवाय मोबाइल आणि लहानसा टीव्ही मिळून रोज सहाशे वॅट-तासांच्या आसपास खर्च येतो. बारा व्होल्ट शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत कागदोपत्री बाराशे वॅट-तास असतात, परंतु तिचे आयुष्य राखावयाचे तर त्यांतील निम्मेच वापरावेत. म्हणजे एका रात्रीची बेगमी झाली. आषाढात सह्याद्रीच्या कुशीत तीन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही, हे मुळशी-वेल्ह्याच्या माणसास सांगावयास नको. अशा ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, खोलवर वापरता येणारी बॅटरी महाग असली तरी अखेरीस परवडते, आणि त्या तीन दिवसांत पंखा बंद ठेवण्याची शिस्त बॅटरीच्या दुप्पट आकारापेक्षाही स्वस्त पडते. रानडुकरांसाठी कुंपणाला लावावयाचे झटका मशीन मात्र लहानशा पॅनेलवर व बॅटरीवर बिनतक्रार चालते. डोंगरालगतच्या शेतात सौरऊर्जेचा हाच सर्वांत जुना आणि सर्वांत कमी गाजावाजा झालेला उपयोग असावा.

पंप वर्षभर लागत नाही, याचाही विचार व्हावयास हवा. पावसाळा आणि काढणीचे दिवस धरले तर कित्येक महिने तीन हजार वॅटची पॅनेले नुसती ऊन खात उभी असतात. पंप बंद असताना त्याच विजेवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालविता येईल असा युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर केंद्राच्या मानकांत आहे. परंतु शेतकऱ्याच्या हाती पडणारी पेटी बहुधा पंपापुरतीच असते. चार म्हशी असणाऱ्या घरास कडबाकुट्टी दिवसा अर्धा तास चालली तरी पुरते, आणि त्यासाठी वेगळी सौरव्यवस्था विकत घेण्याची जरुरी नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सौरपंपांची सहकारी मंडळी काढून शिलकी वीज तारेत विकण्यास आरंभ केला. सहकाराचे माहेरघर म्हणविणाऱ्या आपल्या प्रांतात असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर का रुजू नये, हे कळत नाही.

धुंडीच्या प्रयोगामागे आणखी एक हेतू होता आणि तो आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ज्या पंपाला डिझेल लागत नाही, बिल येत नाही आणि जो ऊन असेपर्यंत आपोआप चालतो, तो बंद करण्याचे कारण शेतकऱ्यास उरत नाही. शेजाऱ्याचाही चालूच असतो. पाण्याचा उपसा तेव्हा थांबतो तो विहीर कोरडी पडल्यावरच. वीज विकून पैसे मिळत असतील तर पाणी भुईत ठेवण्यात लाभ दिसू लागतो. जेथे तार नाही तेथे ही युक्ती चालणार नाही. तेथे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावसभेत मांडून पिके ठरविली आणि सिंचनासाठी बोअर घेण्यास मनाई केली, तोच मार्ग उरतो. सौरपंपाची मंजुरी देताना सरकारने किमान ठिबकाची अट तरी घालावी. अनुदान सरकारचे असेल, पण पाणी साऱ्या गावाचे आहे.

पाच वर्षांच्या हमीनंतर काय, हा प्रश्नही आताच विचारला पाहिजे. पॅनेले वीस-पंचवीस वर्षे टिकतात, कंट्रोलर तितका टिकत नाही. आणि तो बिघडल्यावर गावच्या मोटार-रिवाइंडिंग करणाऱ्यास त्याची पेटी उघडता येत नाही. तालुक्याच्या आयटीआयमधून दरवर्षी वायरमन तयार होतात. त्यांना या पेटीची दुरुस्ती शिकविण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही, आणि राज्य सरकारच्या ‘महाऊर्जा’ या संस्थेचे मुख्यालय पुण्यातच असताना आरंभ हवेली आणि मुळशी तालुक्यांपासून करण्यास अडचण पडू नये.

महावितरणकडे आमची मागणी एवढीच की अर्जावर जमिनीच्या क्षेत्रासोबत विहिरीतील उन्हाळी पाण्याची खोली नोंदविण्याचा रकाना असावा, संयुक्त पाहणीस येणाऱ्या माणसाने ती प्रत्यक्ष मोजावी आणि पंपाची शक्ती त्या आकड्यावरून ठरावी. तसा हुकूम निघेपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. ज्यांना यंदा अर्ज करावयाचा आहे त्यांनी वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना, दोरीस दगड बांधून तो विहिरीत सोडावा, दोरी किती ओली झाली नि किती कोरडी राहिली ते मोजावे, टाकीची उंची कोरड्या लांबीत मिळवावी, आणि तो आकडा हातात घेऊनच पुरवठादाराशी बोलावयास बसावे.