शेतकरी नवऱ्याचे शपथपत्र

तालुक्याच्या न्यायालयात पोटगीची कामे चालवणाऱ्या प्रत्येक वकिलाला एक जबाब पाठ झालेला असतो. ‘जमीन वडिलांच्या नावावर आहे, मी मजुरीवर जातो.’ नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी भावाच्या घरात दिवस काढत असते आणि तिचा अर्ज या एका वाक्यापाशी अडतो. तो अडू देण्यात आपला वकिलांचाही हात आहे, असे आम्हाला वाटते.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र बंधनकारक केले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही त्याच निकालात ठरले. पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. हक्क तोच राहिला. शपथपत्राच्या निर्देशांचे पालन होत नाही, ही नाराजी मात्र याच न्यायालयाला नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा नोंदवावी लागली.

निकालाला जोडलेला शपथपत्राचा दुसरा नमुना शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे सर्रास पहिला, शहरी नमुना भरला जातो. पगार, भविष्य निर्वाह निधी, शेअर्स अशा रकान्यांपुढे ‘लागू नाही’ लिहिले की नवरा कागदावर निर्धन! दुसरा नमुना त्याला एकूण जमीन आणि तिच्यातला हिस्सा विचारतो. जिरायत की बागायत, पीक कोणते, मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न किती, बटाईने काही केले आहे का, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, हे सारे विचारतो. वडिलांच्या नावावरची जमीन वडिलोपार्जित असेल तर हिश्शाचा प्रश्न तिथेच उभा राहतो. म्हणून हाच नमुना मागा. सातबारा, आठ-अ आणि फेरफार आपण स्वतः काढून जोडा. ऊसनोंदीचा आणि दूध संस्थेचा हिशेब मागवण्याचा अर्ज द्या. खोट्या शपथपत्रासाठी नागरिक सुरक्षा संहितेचेच कलम ३७९ आहे, ते वापरायला कचरू नका.

वसुलीत कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) कडे फारच कमी लक्ष जाते. नवऱ्याचा मालकच नव्हे, तर जो त्याचे पैसे देणे लागतो त्यालाही रक्कम थेट बाईला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. उसाचे बिल थकवलेला कारखाना यात का बसू नये? त्या कायद्याखालीही अर्ज केला असेल तर ही मागणी सुरुवातीलाच घाला.

कलम १४४ खालच्या थकबाकीसाठी वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत लागतो. आदेश झाला त्याच दिवशी हे पक्षकार बाईला मराठीत लिहून द्या आणि पहिल्या थकलेल्या महिन्याची मुदत आपल्या डायरीत टिपून ठेवा.